खरवसातली सुई

इस्लापूरकर सरांनी मला एकच गोष्ट परत परत सांगितली आणि मला ती एकदाही धड कळली नाही. गोष्ट अशी, की एमआरआयच्या मशीनमध्ये झोपलेल्या माणसाच्या पोटात डॉक्टरनं सुई घातली, तर फोटोत ती सुई दिसत नाही. सुईच्या जागी नुसता काळा पट्टा दिसतो, आणि तो सुईपेक्षा जाड असतो. मग टोक नेमकं कुठं पोचलं ते डॉक्टरला कळत नाही. ती सुई नीट दिसावी, एवढ्यासाठी हा माणूस जिवाचं रान करत होता.

मी म्हणायचो, "सर, सुई डोळ्याला दिसती, बोटाला टोचती, अन् एवढ्या दांडग्या मशीनला कशी दिसंना?"

ते म्हणायचे, "आप्पा, डोळ्याचं अन् त्या मशीनचं बघणं येगळं." पुढं ते बोलत राहायचे आणि मी मुंडी हलवत राहायचो.

पण माझ्या बायकोच्या, चंद्रकलेच्या, लिव्हरातल्या गाठीपर्यंत सुई पोचली ती ह्याच माणसाच्या खटपटीनं. पोचली ते बरं झालं का वाईट, ह्याचा उलगडा मला अजून होत नाही. चंद्रा गेली. सर हयात आहेत, पण खोली सोडून गेले. वरची खोली रिकामी आहे. खाली मी आहे, पण खालचीही रिकामीच म्हणा.

मी चौथी शिकलेला माणूस. निलंग्याकडचं गाव सोडून लातूरला आलो, मार्केट यार्डात पोती उचलली, मग डाळमिलमध्ये मुकादम झालो. यार्डाच्या मागं घर बांधलं, वर एक खोली काढली. त्या खोलीत सर आले. ते इंजिनीअरिंगच्या पोरांना शिकवायचे. उंच, वाळकुडे, मान पुढं काढून चालणारे. मूळचे इस्लापूरचे, किनवटकडचे. पन्नाशी गाठलेली, लग्न नाही. चंद्राला तोंड धरवत नसे. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "ओ सर, बायको का केली न्हाई?"

"दिसली न्हाई, मावशी."

"अंगणात बघायची सोडून मशीनमदी बघितली असंल तुमी!"

तेव्हापासून दोघांचं जमलं.

ह्या माणसाच्या अंगावर लोखंडाचा कण नसायचा. मनगटावर घड्याळ नाही, कंबरेला पट्टा नाही, चष्मा प्लास्टिकचा, चपला शिवलेल्या, बिनखिळ्याच्या. नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात एमआरआयचं मशीन होतं. रविवारी ते मोकळं असलं की तिथल्या डॉक्टर मॅडम सरांना कामाला परवानगी द्यायच्या. ते मशीन म्हणजे एक भलं मोठं लोहचुंबक. खिशातली किल्लीसुद्धा ओढून घेईल. म्हणून किल्ली बाळगायचीच नाही, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती. त्यांच्या सुया तेवढ्या चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूच्या. खोलीची किल्ली आमच्या दाराजवळच्या खुंटीला. वर जाताना ती मागायची, खाली येताना ती अडकवायची. घड्याळ नसल्यामुळं दिसेल त्याला वेळ विचारायचे. कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "साडेदहा झाले, सर!"

आणि त्यांचं एक पालुपद होतं. "नक्की कुठं?"

चंद्रा म्हणाली, "गुडघा दुखून राहिलाय," की सर लगेच, "नक्की कुठं?"

"गुडघ्यात दुखून राहिलाय, आनि कुठं?"

"आतल्या अंगाला का भाईरच्या?"

"आवं, आता दुखायला लागल्यावर मी काय नकाशा काढू का?"

शेवग्याच्या शेंगा आणल्या तरी तेच. कुठून आणल्या? बाजारातून. बाजारात नक्की कुठं? चंद्रा त्यांची हुबेहूब नक्कल करायची. मी चष्मा शोधत असलो की मान पुढं काढून म्हणायची, "आप्पा, नक्की कुठं?"

त्यांच्या कामातलं निम्मं मला कळलं होतं, ते पोत्यामुळं. पोतं न उसवता आतला माल बघायचा तर आम्ही त्यात एक टोकदार लोखंडी नळी खुपसायचो, परखी म्हणतात तिला. बाहेर काढली की तिच्या पोटात चार दाणे आलेले असतात. डॉक्टरची सुई पण तशीच, आतून पोकळ. गाठीत घालायची, चिमूटभर मांस काढायचं आणि तपासायला धाडायचं. एवढं कळलं. पण पोत्यात परखी कुठंही घाला, तूरच येते. माणसाच्या पोटात तसं नाही. गाठ हरभऱ्याएवढी, सुई जरा बाजूनं गेली की चांगलंच मांस येणार, आणि कागदावर येणार की सगळं ठीक आहे.

राहिलेलं निम्मं सरांनी एकदा त्यांच्या गावाजवळच्या सहस्रकुंड धबधब्याच्या पाण्यावरून सांगितलं होतं. "आप्पा, आमच्याकडं नदीला पूर आला की खडक पाण्याखाली जातेत. खडक दिसत न्हाई. पण वरचं पाणी तिथं वळसा घेतं. नावाडी त्या वळशावरून वळखतो की खाली खडक हाय. हे मशीन फक्त पाणी बघतं. माणसाच्या आंगातलं पाणी. सुईत पाणी न्हाई, म्हणून सुई न्हाई. तिच्यामुळं पाणी कुठं बिघडलं, तेवढंच दिसतं."

"म्हंजे तुमी वळसा बारीक करून राहिलेत?"

ते एकदम उठून उभे राहिले. "बराबर! आप्पा, बराबर!"

काय बरोबर होतं ते मला अजून सांगता येत नाही.

एकदा गावाकडं पुतण्याची म्हैस व्याली. त्यानं चीक पाठवला. चंद्रानं गूळ-वेलदोडा घालून खरवस केला. आमच्यात पहिला चीक एकट्यानं खात नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. सरांना स्टीलच्या वाटीतून दिला. लग्नातली वाटी, काठावर तिचं नाव कोरलेलं. दुसऱ्या दिवशी ती वाटी आणायला वर गेली आणि जिन्यातूनच ओरडली, "आवं, इकडं या! ह्या माणसानं काय केलंय बघा!"

मी गेलो. वाटी धुऊन पालथी घातलेली. खरवस एका प्लास्टिकच्या डब्यात काढलेला, आणि त्यात चार बाजूंनी सुया खुपसलेल्या.

"खायच्या जिनसीत सुया?" चंद्रा कंबरेवर हात ठेवून उभी. "म्हशीच्या पहिल्या दुधाला टोचतेत व्हय?"

सर बिचारे हरखून गेलेले. "मावशी, मी चायना ग्रासची जेली करतो, ती फुटती. ह्यो खरवस तुटत न्हाई, पाझरत न्हाई, सुई धरून ठिवतो. आन् आत पाणी भरपूर. मशीनला लई झकास दिसंल!"

"जिभेला कसा लागतो ते सांगा."

"काम झालं की खातो."

"एकदा खाऊन तर बघा, मग टोचा."

खाल्ला नाही. पुढं मात्र चीक आला की चंद्रा आपणहून विचारायची, "मशीनचा किती अन् मानसांचा किती?" मशीनच्या वाट्याला गूळ घालायचा का नाही, ह्यावर दोघांचा वाद चालायचा. बिनगुळाचा केला तर त्याला खरवस म्हणू नका, हे तिचं म्हणणं.

ह्या खरवसानं एकदा एसटी थांबवली. हदगावला माझी बहीण गिरजा दिलेली आहे. तिच्याकडं आम्ही निघालो होतो. रविवार असल्यामुळं सर त्याच गाडीत नांदेडला निघालेले. मांडीवर डबा. सुया घरीच खुपसून न्यायचे, मोजमाप हलू नये म्हणून, आणि प्रत्येक सुईला खुणेचा काळा दोरा बांधलेला. लोहा गाव मागं पडलं असेल, खड्ड्यात गाडी आदळली आणि डब्याचं झाकण उडालं. शेजारच्या बाईनं आत बघितलं. पांढरं अन्न, त्यात सुया, सुयांना काळे दोरे.

"भानामती!" ती अशी किंचाळली की ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला.

गाडीभर गलका झाला. एक म्हातारा म्हणाला, उतरवा त्याला. कंडक्टर दोन हात लांब उभा राहून विचारतोय, "ओ, काय हाय ते? खरं सांगा." सर उभे राहून समजावून सांगायला लागले, की एमआरआय म्हणजे काय आणि पाण्याचे कण कसे फिरतात. जितकं सांगतील तितकी बाई जास्त रडायला लागली. तिला वाटलं, हा मंत्रच म्हणून राहिला.

तेव्हा चंद्रा उठली. "ये बाई, गप. ह्यो खरवस माझ्या हातचा हाय. करणी करायची तर कोन वेलदोडा घालंल का?"

बाईनं वास घेतला. वेलदोड्याचा वास येतच होता. "मग सुया कशाला?"

"मास्तर हायत ते," चंद्रा म्हणाली. जसं काही त्यात सगळं आलं.

लोक हसले आणि गाडी निघाली. पण ती बाई नांदेड येईपर्यंत उभीच राहिली.

पुढं चंद्राचं जेवण तुटलं, उजव्या कुशीत दुखायला लागलं. लातूरला तपासण्या झाल्या. एका ठिकाणी सुई घालून तुकडा काढला, तो चांगला निघाला. आम्ही पेढे वाटले. पण ती वाळतच चालली. मग नांदेडच्या मॅडमनी एमआरआय केला आणि सांगितलं, गाठ आहे, बारीक आहे, लई वर आहे, बरगडीआड. सोनोग्राफीत दिसत नाही, ह्याच मशीनमध्ये दिसते. पहिली सुई बाजूनं गेली असणार. तुकडा काढल्याशिवाय ती कसली आहे ते कळणार नाही आणि औषधही ठरवता येणार नाही.

हे मी सरांना जिन्यात सांगितलं. लिव्हरात गाठ हाय म्हणालो. त्यांनी "नक्की कुठं?" विचारलं नाही. पायरीवर बसले. मग म्हणाले, "मशीनमदीच सुई घालावी लागंल, आप्पा." आणि किल्ली न घेताच वर गेले, परत खाली आले.

सुई त्यांनी केलेली नव्हती, कंपनीची होती, मंजुरी मिळालेली. पण तिच्यावर कसल्याशा पावडरीच्या बारीक कड्या होत्या. त्या किती जाड असाव्यात, किती अंतरावर असाव्यात, हे सरांनीच कंपनीला काढून दिलं होतं, आणि त्यासाठी आमच्या म्हशीचा खरवस कामी आला होता. घालणार होत्या मॅडमच. सर नुसते काचेपलीकडं बसून सुई कशी तिरपी धरली तर नीट दिसेल ते सांगणार.

आधी एकदा नुसते फोटो काढायला बोलावलं. अंगावर धातू नको. जोडवी साबण लावून काढली. मंगळसूत्राला चंद्रा हात लावू देईना. गिरजा हदगावहून सोबतीला आली होती, ती म्हणाली, "वहिनी, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधू. ते बी मंगळसूत्रच." रीतच आहे ती. नर्सनं बघितलं, धातू नाही, जाऊ दे म्हणाली. काळी पोत चंद्रानं माझ्या हातात दिली.

फोटो आले आणि मॅडमचा चेहरा उतरला. छातीच्या खाली एक पांढरा लख्ख ठिपका. मागच्या फोटोत नव्हता. "हे नवीन काय?" त्या म्हणाल्या.

सर मान पुढं काढून पडद्यावर वाकले. "नक्की कुठं?" स्वतःलाच विचारत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे आंगाच्या भाईर हाय." आणि माझ्याकडं वळून, "आप्पा, मावशीच्या गळ्यात काय हाय?"

"हळकुंड."

"वाळलेलं? वाळलेलं दिसायचं न्हाई. पाणी लागतं."

गिरजाला बोलावलं. ती म्हणाली, "वाळलेलं कुठून आनू? आमची हळद आत्ताच खांदली, अजून शिजवायची हाय. वली गाठच बांधली. वली चालत न्हाई व्हय?"

मॅडम खुर्चीत मागं टेकून हसल्या. कातडीवर खूण करायला त्या तेलाची एक गोळी चिकटवतात म्हणे, ती अशीच चमकते. आत मशीनमध्ये चंद्राला सांगितलं तर ती तिथूनच म्हणाली, "मग आता वाळलेलं बांधते. दिसंना तर दिसंना, गळ्यात तर हाय ना."

सुईच्या दिवशी मला काचेपलीकडं उभं राहू दिलं. मशीन आमच्या डाळमिलीसारखं धडधडत होतं. मॅडम आत, सर पडद्यासमोर, मी त्यांच्या मागं, पोत मुठीत. सर कानाला लावायच्या यंत्रातून चंद्राला सांगायचे, "मावशी, श्वास धरा," आणि ती धरायची. लहानपणी विहिरीत पडलेली कळशी बुडी मारून काढायची ती, तिला श्वास धरायला काय शिकवायचं.

पडद्यावर सगळं करडं करडं. मग त्यात एकामागं एक काळे मणी उमटले, सुईवरच्या त्या कड्यांचे. एका रेषेत, सारख्या अंतरानं. माझ्या मुठीत पोत होती आणि पडद्यावर तशीच पोत तिच्या काळजात चाललेली. मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. शेवटचा मणी गाठीच्या बरोबर मधी जाऊन थांबला.

"दिसली!" सरांनी मांडीवर थाप मारली. "आप्पा, दिसली! टोक हितं हाय! नक्की हितं!" ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मी पण हसलो. आत चंद्रा श्वास धरून पडलेली.

आठवड्यानं तपासणी आली. गाठ वाईट होती.

सर खाली यायचे बंद झाले. किल्ली घ्यायला सुद्धा आम्ही देवळात गेल्यावर यायचे. चंद्राच्या ते ध्यानात आलं. एक दिवस जिन्याखाली उभी राहून तिनं आवाज दिला. अंगात ताकद नव्हती, पण आवाज होता.

"ओ सर! सुई तुमची, गाठ माझी. गाठ काय तुमी घातली न्हाई. चा थंड होऊन राहिलाय, खाली या."

आले. खाली मान घालून चहा प्याले. ती म्हणाली, "त्या दिशी लई हसलेत म्हनं तुमी. ह्यांनी सांगितलं."

सरांनी बशी खाली ठेवली.

"हसायचंच होतं. एवढा खरवस घातला मी त्यात. वाया गेला असता तर मला राग आला असता."

औषधं सुरू झाली. ती एक पावसाळा निघाली, दिवाळी निघाली. कधी जेवायची, कधी नाही. मी एकदा सरांना गच्चीवर गाठलं. सरळच विचारलं, आडपडदा मला येत नाही. "सर, सुई न्हाई दिसली असती तर? पहिल्यावानी बाजूनं गेली असती, कागद चांगला आला असता. ती हसत गेली असती का न्हाई?"

ते कठड्याला धरून उभे. मला वाटलं आता पाणी, वळसा, कण, सगळं सांगतील. ते म्हणाले, "मला न्हाई माहीत, आप्पा."

"तुमाला न्हाई तर कुनाला?"

"कुनालाच न्हाई."

त्यांचा मला राग आला. आणि असंही वाटलं, की ह्या माणसानं मला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट असेल जी मला कळली. दोन्ही एकदम कसं वाटतं, कुणास ठाऊक.

चंद्रा माघात गेली. मातीला सर आले. सगळ्यांच्या मागं, हात बांधून. पुढं त्यांना लांब कुठंतरी दुसरी नोकरी लागली. म्हणाले, तिथं रोज मशीन मिळेल. सामान आधीच गेलं होतं. निघायच्या दिवशी पुतण्यानं नेमका चीक पाठवला. मला काय करावं कळेना. टाकून देववेना. तिनं केलेलं नुसतं बघितलं होतं, तसं केलं. गूळ घातला, वेलदोडा सापडला नाही. कुकरमध्ये ठेवला, तो कडेनं फुटला आणि मधी पाणी राहिलं. सवयीनं तिच्या वाटीत काढला आणि वर घेऊन गेलो.

सर मोकळ्या खोलीत उभे होते. वाटी घेतली. वाकून आत बघत राहिले, नेहमी बघायचे तसं. मला वाटलं, आता विचारतील की सुया कुठं.

"गूळ हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

ते खाली फरशीवर बसले आणि खायला लागले. चमचा आणायचं मी विसरलो होतो, बोटांनी खाल्ला. सगळा. फुटलेला, पाणी सुटलेला, तरी सगळा खाल्ला.

"कसा झालाय?"

"मावशीचा कसा लागायचा, मला कुठं माहीत हाय," ते म्हणाले.

खाली रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. ते उठले. चष्मा पुसला, पिशवी उचलली. खाली येऊन किल्ली खुंटीला अडकवली, रोजच्यासारखी. माझ्या पाया पडायला वाकले, तसं मी त्यांना धरलं. मग रिक्षात बसले, आणि रिक्षा वळताना मला दिसलं, वाटी त्यांच्या हातातच होती. स्टीलची वाटी, त्या माणसाच्या हातात. त्यांना पत्ता नव्हता.

मी हाक मारायला हात वर केला आणि तसाच राहू दिला. काठावर तिचं नाव कोरलेलं आहे, बारीक ठिपक्याठिपक्यांचं. कुठंतरी स्टँडपर्यंत जाता जाता बोटाला लागलं असेल.